चिपची किंमत

लास व्हेगासमध्ये दर उन्हाळ्यात ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ भरते, तेव्हा एकाच छताखाली दोन खेळ चालू असतात. एकीकडे शेकडो टेबलांवर टूर्नामेंट आणि थोड्याच अंतरावर कॅश गेम. दोन्हीकडे तीच बावन्न पानं, तोच टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन बंद पानं, मध्ये पाच उघडी आणि सातांतून जमतील ती उत्तम पाच. टूर्नामेंटमधून बाद झालेला माणूस उठून सरळ कॅशच्या टेबलावर जाऊन बसतो. नियम तेच असल्यामुळे आपला खेळही तोच चालेल, असं त्याला वाटतं. हे वाटणं फार महाग पडतं आणि नवख्याला तर सर्वांत जास्त. या पुस्तकाचा विषय तोच आहे.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात सांगता येतं. कॅशमध्ये चिप म्हणजे पैसा. टूर्नामेंटमध्ये चिप म्हणजे पैसा नव्हे. हे वाक्य ऐकून शिकाऊ खेळाडू मान डोलावतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. त्याला हव्या असतात याद्या: अमुक पानं आली की खेळायची, तमुक आली की टाकायची. याद्या या पुस्तकातही आहेत, पण त्या मुद्दाम मागं ठेवल्या आहेत. कुठली पानं घ्यायची, केव्हा धीर धरायचा, केव्हा सगळ्या चिप्स पुढं सारायच्या, हे सगळं त्या एका फरकातून निघतं. मूळ कळलं नाही तर पाठ केलेली यादी पहिल्याच अनोळखी प्रसंगात दगा देते.

आधी कॅश, कारण ते समजायला सोपं आहे. 50-100 ब्लाइंडच्या, म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांना सक्तीनं 50 आणि 100 लावावे लागतात अशा टेबलावर बसताना तुम्ही दहा हजार रुपये देता आणि दहा हजारांच्या चिप्स घेता. हजाराची चिप म्हणजे हजार रुपये, आत्ताही आणि तीन तासांनंतरही. वाटेल तेव्हा उठा, चिप्स काउंटरवर द्या, पैसे घ्या. ब्लाइंड रात्रभर 50-100च राहतात. चिप्स कमी झाल्या तर दोन डावांच्या मध्ये भर घालता येते. मात्र डाव चालू असताना पाकिटाला हात लावता येत नाही आणि जिंकलेल्या चिप्स टेबलावरून उचलून खिशात टाकून खेळत राहता येत नाही. जागा चालवणारा आपला वाटा, म्हणजे रेक, बहुतेक ठिकाणी प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात मध्ये जमलेल्या रकमेतून, कापून घेतो. अशा व्यवस्थेत निर्णयाला एकच कसोटी पुरते: हा निर्णय पुन्हा पुन्हा घेतला तर सरासरीनं पैसे येतील की जातील? समोरच्यानं बरोबरीची पैज लावली आणि तुम्ही शंभरातून पंचावन्न वेळा जिंकणार असाल, तर ती घ्यायची. या वेळी हरलात तरी हरकत नाही. भर घालायची आणि पुढचा डाव खेळायचा.

टूर्नामेंटमध्ये चिप आणि पैसा यांचं हे नातं पहिल्या मिनिटालाच तुटतं. वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेची प्रवेश फी 1972 पासून 10,000 डॉलर आहे आणि अलीकडच्या वर्षांत त्याबदल्यात खेळाडूला 60,000 चिप्स मिळतात. या चिप्स कुणी परत घेत नाही, मध्येच उठून त्यांचे पैसे करता येत नाहीत. पैसे मिळतात ते क्रमांकाला. 2023 साली या स्पर्धेत 10,043 प्रवेशिका आल्या, बक्षिसांची एकूण रक्कम सुमारे 9 कोटी 34 लाख डॉलर झाली आणि डॅनियल वाइनमन विजेता ठरला. शेवटच्या डावानंतर साठ कोटींहून अधिक चिप्स, म्हणजे स्पर्धेतली प्रत्येक चिप, त्याच्यासमोर होती. त्याला मिळाले 1 कोटी 21 लाख डॉलर, म्हणजे एकूण रकमेच्या तेरा टक्क्यांच्या आसपास. शंभर टक्के चिप्स आणि तेरा टक्के पैसा. उरलेले सत्त्याऐंशी टक्के कुणाला गेले? ज्यांच्याकडे एकही चिप उरली नव्हती अशांना, ते किती उशिरा बाद झाले त्या हिशोबानं. या एका उदाहरणावर थोडा वेळ थांबा. दहाव्या प्रकरणापर्यंत येणारं सगळं गणित त्यात दडलेलं आहे.

इतिहासात कॅश थोरला आणि टूर्नामेंट धाकटी. बेनी बिनियनच्या हॉर्सशू कॅसिनोत 1970 साली वर्ल्ड सिरीज पहिल्यांदा भरली तेव्हा टूर्नामेंट नव्हतीच. निवडक खेळाडू कॅश खेळले आणि आपापसांत मतदान करून त्यांनी जॉनी मॉसला सर्वोत्तम ठरवलं. पुढच्या वर्षी, एकच जण उरेपर्यंत खेळायचं असं ठरलं आणि तेव्हाही मॉसच जिंकला. जुन्या खेळाडूंची सगळी समज कॅशच्या टेबलावर घडलेली होती. आज उलटं झालं आहे. 2003 साली टेनेसीचा एक हिशेबनीस, ख्रिस मनीमेकर, 86 डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत आला आणि 839 खेळाडूंत पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन गेला. तेव्हापासून जगभर लोक पोकर शिकतात ते टूर्नामेंट बघून. कॅशवर ते नंतर येतात, टूर्नामेंटच्या सवयी घेऊन.

मराठी घरात पत्ते खेळत वाढलेल्या वाचकाला हा फरक रमीनं आधीच शिकवलेला असतो. पॉइंटच्या रमीत प्रत्येक डाव स्वतंत्र. पॉइंटला अमुक रुपये ठरलेले असतात, वाईट पानं आली तर पहिल्याच फेरीत वीस पॉइंट देऊन ड्रॉप घ्यायचा आणि पुढचा डाव नव्यानं सुरू करायचा. 101च्या पूलमध्ये मात्र पॉइंट साठत जातात आणि एकशे एकला पोचला तो बाद. समजा तुमचे 85 झाले आहेत. आता कितीही भिकार पानं येवोत, ड्रॉप घेता येत नाही, कारण वीस मिळवले की एकशे पाच. जी पानं 30 पॉइंटवर असताना न बघता टाकली असती, तीच आता खेळावी लागतात. पलीकडे 15 पॉइंटवर बसलेला निवांतपणे ड्रॉप घेत राहतो आणि तुम्ही बाद होण्याची वाट बघतो. पानं तीच, नियम तेच, पण मागं साठलेला आकडा निर्णय फिरवतो. पोकरच्या टूर्नामेंटमध्ये हेच घडतं, फक्त जास्त गुंतागुंतीनं.

ती गुंतागुंत एका उदाहरणात जवळून बघू. प्रत्येकी 2,500 रुपये भरून चार जण खेळायला बसले, प्रत्येकाकडे 2,500 चिप्स. बक्षिसं तीन: पहिल्याला 5,000, दुसऱ्याला 3,000, तिसऱ्याला 2,000. चौथ्याला काही नाही. चौघंही बरोबरीत आहेत, तेव्हा प्रत्येकाच्या जागेची किंमत सरळच 2,500 रुपये. आता पहिल्यानं सगळ्या चिप्स पुढं सारल्या आणि चुकून त्याची पानं उलटी पडली: इस्पिकचा एक्का आणि बदामचा राजा. तुमच्या हातात दोन गुलाम, चौकटचा आणि किलवरचा. ब्लाइंडचा हिशोब तूर्त बाजूला ठेवू. या जोडीनं तुम्ही शंभरातून सत्तावन्नच्या आसपास वेळा जिंकता. कॅशमध्ये विचार करायचं कारणच नाही, पैसे पुढं सरकवायचे. टूर्नामेंटमध्ये काय करायचं?

हरलात तर चौथे, हातात शून्य. जिंकलात तर तुमच्याकडे 5,000 चिप्स आणि बाकी दोघांकडे 2,500-2,500. आता तिघंच उरले, निदान 2,000 तर सगळ्यांचे पक्के झाले. तुमच्याकडे निम्म्या चिप्स आहेत, म्हणून पहिलं येण्याची शक्यता निम्मी धरू. त्याच रीतीनं दुसरं येण्याची शक्यता एक-तृतीयांश निघते आणि तिसरं येण्याची एक-षष्ठांश. त्या प्रमाणात बक्षिसांची बेरीज केली की तुमच्या जागेची किंमत येते 3,833 रुपये. चिप्स दुप्पट झाल्या, पण किंमत 2,500 वरून दुप्पट होऊन 5,000 झाली नाही. 1,333 रुपये मिळवण्यासाठी तुम्ही 2,500 पणाला लावलेत. ही पैज परवडायची तर शंभरातून पासष्टपेक्षा जास्त वेळा जिंकायला हवं. सत्तावन्न पुरत नाहीत. समोरच्याची पानं उघडी दिसत असताना, आपली जोडी सरस आहे हे डोळ्यांनी बघत असताना, ती टाकून देणं हाच बरोबर निर्णय.

मग ते उरलेले पैसे गेले कुठं? हरणाऱ्याचे 2,500 गेले, जिंकणाऱ्याला 1,333च मिळाले. मधले 1,167 रुपये त्या दोघांच्या खात्यात गेले, जे पानं टाकून पाणी पीत बसले होते. प्रत्येकाच्या जागेची किंमत एकही चिप न हलवता 2,500 वरून 3,083 झाली. टूर्नामेंटमध्ये दोघांची टक्कर झाली की तिसऱ्याचा फायदा होतो. कॅशमध्ये असं कधीच होत नाही. तिथं तुम्ही दोघं भांडलात तर तिसऱ्याला एक पैसाही मिळत नाही. नवख्या खेळाडूनं या पुस्तकातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची ठरवली, तर त्यानं हीच ठेवावी अशी माझी इच्छा आहे.

या हिशोबाच्या पद्धतीला खेळाडू आयसीएम, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल, म्हणतात. तिची मुळं पोकरच्या बाहेर आहेत. डेव्हिड हार्विल या संख्याशास्त्रज्ञानं 1973 मध्ये एक सूत्र मांडलं होतं: घोड्यांच्या शर्यतीत प्रत्येक घोडा पहिला येण्याची शक्यता माहीत असेल, तर दुसरा-तिसरा येण्याची शक्यता कशी काढायची. मेसन मॅलमथनं 1987 मध्ये तोच विचार टूर्नामेंटच्या चिप्सना लावला. सूत्र परिपूर्ण नाही. ते सगळे खेळाडू सारख्याच कुवतीचे धरतं, ब्लाइंड आता कुणावर येणार हे बघत नाही. तरी दिशा बरोबर दाखवतं आणि नवख्याला दिशाच हवी असते. त्यातून निघणारं एक उत्तर मला फार बोलकं वाटतं: तीच तीन बक्षिसं धरा, तिघांकडे अनुक्रमे 5,000, 3,000 आणि 2,000 चिप्स आहेत असं माना. निम्म्या चिप्स असलेल्याच्या जागेची किंमत 3,839 रुपये येते आणि पाचवा हिस्सा चिप्स असलेल्याची 2,886. मोठ्या ढिगातली एकेक चिप स्वस्त असते, छोट्या ढिगातली महाग.

म्हणूनच टूर्नामेंटमध्ये शेवटची चिप जपतात. 1982च्या मुख्य स्पर्धेत जॅक स्ट्रॉसनं सगळ्या चिप्स पुढं सारल्या, हरला आणि उठला, तेव्हा त्याला टेबलावरच्या नॅपकिनखाली एक चिप सापडली, अशी गोष्ट सांगितली जाते. ‘ऑल-इन’ असं त्यानं तोंडानं म्हटलेलं नव्हतं म्हणून त्याला खेळू दिलं आणि त्या वर्षीचा विजेता तोच ठरला. कॅशमध्ये नॅपकिनखाली सापडलेली चिप तिच्यावर छापलेल्या किमतीइतकीच.

पण इथं एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. गुलामांची जोडी टाकायची हे ऐकून बरेच जण टूर्नामेंट म्हणजे जीव मुठीत धरून बसणं असं समजतात. आपल्या उदाहरणात सगळ्या चिप्स पुढं सारणाऱ्याच्या बाजूनं बघा. त्याला ठाऊक आहे की बाकीच्यांना कॉल करायला, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालून उत्तर द्यायला, पासष्ट टक्क्यांची पानं हवीत आणि तशी पानं क्वचितच येतात. म्हणजे तो साध्या पानांवरही दडपण आणू शकतो आणि न लढता ब्लाइंड उचलू शकतो. डेव्हिड स्क्लान्स्कीनं टूर्नामेंटवरच्या पुस्तकात हे नेमकं धरलं आहे: रेज करायला, म्हणजे पैज वाढवायला, जितकी चांगली पानं लागतात, त्यापेक्षा दुसऱ्याच्या रेजला कॉल करायला जास्त चांगली लागतात आणि टूर्नामेंटमध्ये ही दरी आणखी रुंदावते. आधी सारणारा आणि नंतर उत्तर देणारा यांच्यात सारणारा वरचढ असतो. भित्रा खेळाडू बबलवर टिकतो, पण बक्षिसाच्या तळाशीच राहतो.

बबल म्हणजे बक्षिसाची रेषा ओलांडायला एकच बळी शिल्लक असतो तो काळ. वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत साधारण पंधरा टक्के खेळाडूंना बक्षीस मिळतं आणि सर्वांत लहान बक्षीस 15,000 डॉलर असतं. त्या रेषेवर आल्यावर सगळ्या टेबलांवर एका वेळी एकच डाव वाटतात, म्हणजे कुणी मुद्दाम वेळ काढून दुसऱ्या टेबलावरच्या बळीची वाट बघू नये. एखाद्या टेबलावर ऑल-इन झालं की पानं उघडून तिथंच थांबवतात आणि बाकीची टेबलं संपेपर्यंत पुढची पानं काढत नाहीत. पात्रता फेऱ्यांत तर या सावधगिरीची कमाल होते. मोठ्या स्पर्धेची दहा तिकिटं सारख्याच किमतीची, अकरा जण शिल्लक, तुमच्याकडे ढीगभर चिप्स आणि एकाकडे जेमतेम एक ब्लाइंड उरलेला. कुणी मोठ्या खेळाडूनं सगळं पुढं सारलं, तर इथं एक्क्यांची जोडीही टाकावी लागते. पहिला आलेला आणि दहावा आलेला दोघांना तेच तिकीट मिळणार असताना लढायचं कशासाठी?

आता दुसरा फरक. तो गणितापेक्षा घड्याळाचा आहे. मुख्य स्पर्धा 100-200 ब्लाइंडवर सुरू होते. 60,000 चिप्स म्हणजे तीनशे मोठे ब्लाइंड, ऐसपैस. ब्लाइंडची पातळी दर दोन तासांनी चढते आणि 1,000-2,000 झाली की त्याच 60,000 म्हणजे तीसच उरतात. तुम्ही एकही डाव हरला नाहीत तरी गरीब होत जाता. दोन तासांची पातळी ही चैन आहे. लहान टूर्नामेंटमध्ये वीस-तीस मिनिटांनीच ब्लाइंड चढतात. 1995चा विजेता डॅन हॅरिंग्टन याच्या पुस्तकांमुळे ‘एम’ हे माप घरोघर पोचलं: टेबलाच्या एका फेरीत ब्लाइंड आणि अँटी, म्हणजे ब्लाइंडशिवायची सक्तीची रक्कम, मिळून जितक्या चिप्स जातात, त्यानं आपल्या चिप्सना भागायचं. वीसच्या वर असाल तर मोकळेपणानं खेळा, दहाच्या खाली आलात की पर्याय झपाट्यानं कमी होतात आणि पाचच्या खाली दोनच उरतात, सगळं सारणं किंवा पानं टाकणं. कॅशमध्ये चिप्स कमी झाल्या तर भर घालून हा प्रश्न मिटवता येतो. टूर्नामेंटमध्ये तो मिटत नाही.

चिप्सची खोली बदलली की पानांची किंमत कशी बदलते, हे पंजीच्या जोडीवरून कळतं. 50-100च्या कॅश टेबलावर समोरच्यानं 300 केले, दोघांकडेही दहा हजार आहेत. तिसरी पंजी पहिल्या तीन उघड्या पानांत येण्याची शक्यता साडेआठात एक. म्हणजे साडेसात वेळा 300 जाणार आणि एकदा सेट लागणार. तेव्हा त्या एका वेळी निदान 2,250 मिळायला हवेत. समोरच्याकडे दहा हजार असताना ते शक्य आहे, म्हणून कॉल ठीक. आता तेच टूर्नामेंटमध्ये, ब्लाइंड 50-100, पण दोघांकडेही 1,500च. सेट लागल्यावर प्रत्येक वेळी समोरच्याच्या सगळ्या चिप्स मिळाल्या असं धरलं तरी 1,500 आणि ब्लाइंडचे 150, एवढंच. 2,250 होतच नाहीत. 300 घालून ‘बघू या काय येतं’ म्हणणं इथं तोट्याचंच. पण ही जोडी टाकायचीच असंही नाही. आपल्याआधी कुणी रेज केलेली नसेल तर तिच्यावर सगळ्या चिप्स सारणं अनेकदा बरोबर असतं. पंजीची जोडी कॅशमध्ये स्वस्तात मासा गळाला लावायची असते आणि टूर्नामेंटच्या उत्तरार्धात सारायची किंवा टाकायची.

टूर्नामेंटवरून कॅशकडे येणाऱ्यांचं नुकसान नेमकं इथं होतं. त्यांनी पडद्यावर बघितलेलं असतं ते अखेरचं टेबल: थोडे खेळाडू, चढलेले ब्लाइंड, उथळ चिप्स. तिथं एक्का-नव्वीवर सगळं सारणं बरोबर असतं. तेच ते नऊ जणांच्या कॅश टेबलावर शंभर ब्लाइंड घेऊन करतात. तिथं इतक्या खोल चिप्सवर कॉल करणाऱ्याकडे एक्का-नव्वीपेक्षा चांगलंच काहीतरी असतं. डॉइल ब्रन्सननं 1976 आणि 1977 अशी लागोपाठ दोन वर्षं मुख्य स्पर्धा जिंकली आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हाती दश्शी-दुर्री होती. हे ऐकून दश्शी-दुर्री शुभ मानणारे खेळाडू आजही भेटतात. ते विसरतात की तेव्हा टेबलावर दोनच माणसं उरली होती आणि ब्रन्सनची खरी शाळा कॅशची होती, जिथं अशी पानं तो बहुतेक वेळा बघून टाकून देत असणार.

कॅशचा कस शेवटच्या पानावर लागतो. शंभर ब्लाइंड खोल असताना फ्लॉप (पहिली तीन उघडी पानं), टर्न (चौथं), रिव्हर (पाचवं) अशा तीन टप्प्यांवर पैज लागते, प्रत्येक वेळी पॉट फुगतो आणि रिव्हरवरची एक चूक आधीच्या दहा बरोबर निर्णयांची कमाई घालवते. म्हणून कॅशच्या प्रकरणांत मी सुरुवातीच्या पानांवर कमी आणि रिव्हरवर जास्त पानं खर्च केली आहेत. कॅशमध्ये दुसरं कौशल्य म्हणजे टेबल निवडणं आणि वेळेवर उठणं. टूर्नामेंटमध्ये तुमची जागा सोडतीनं ठरते आणि शेजारी कितीही जबरदस्त असला तरी टेबल मोडेपर्यंत बसावं लागतं. कॅशमध्ये तसं बसून राहण्याची सक्ती कुणी केलेली नाही. कंटाळा आला, चिडचिड झाली, झोप आली, तर उठणं हा खेळातलाच निर्णय आहे आणि बऱ्याच रात्री सर्वांत फायद्याचा. अनेक कॅश टेबलांवर ऑल-इन झाल्यावर उरलेली पानं दोनदा काढून पॉट वाटून घ्यायची मुभा असते, टूर्नामेंटमध्ये ती नसते. तिथं नशिबाचा एकच फटका सोसायचा.

फटक्यांचा विषय निघालाच आहे तर निकालांबद्दल स्पष्ट बोलतो. टूर्नामेंटमध्ये चांगला खेळाडूही बहुतेक वेळा काही न घेता घरी जातो, कारण बक्षिसाचा मोठा भाग पहिल्या काही क्रमांकांत असतो. कित्येक महिने तोटा होऊनही तुमचा खेळ बरोबर असू शकतो आणि एका आठवड्यात मोठं बक्षीस मिळूनही तो चुकीचा असू शकतो. कॅशमध्ये चढ-उतार असतात, पण खेळ कसा आहे ते तुलनेनं लवकर कळतं. म्हणून माझा सल्ला असा: कॅशसाठी निदान तीस बाय-इनइतकी (बाय-इन म्हणजे टेबलावर बसताना चिप्ससाठी दिलेली रक्कम) वेगळी काढलेली रक्कम हवी, टूर्नामेंटसाठी निदान शंभर प्रवेश फीइतकी. ही रक्कम संपली तर घरातलं काहीही अडणार नाही, अशीच असायला हवी. कर्ज काढून, कुणापासून लपवून किंवा हरलेलं भरून काढायला खेळत असाल, तर हे पुस्तक बंद करा आणि घरातल्या माणसाशी बोला. त्या परिस्थितीत कुठलंही गणित उपयोगाचं नाही.

कायद्याचंही सांगायला हवं. महाराष्ट्रात 1887चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही आहे. राज्यात कॅसिनोंना परवानगी देणारा 1976चा कायदा कधी अंमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये तो रद्दही झाला. गुजरात उच्च न्यायालयानं 2017 मध्ये पोकर हा जुगारच असल्याचा निकाल दिला. गोव्यात परवाना असलेल्या कॅसिनोंत, मांडवीतल्या जहाजांवरही, पोकरची टेबलं आहेत. तिथं कॅश चालतो आणि टूर्नामेंटही भरतात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा मंजूर केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, मनाई आहे. तेव्हा ‘ॲपवर थोडं खेळून शिकतो’ हा मार्ग मनात असेल तर तो काढून टाका.

त्यानं शिकायचं काही अडत नाही. पहिली सहा प्रकरणं पैशांशिवाय शिकता येतील अशीच लिहिली आहेत. चार जण जमवा, प्रत्येकाला पंचवीस चिंचोके द्या. एक संध्याकाळ कॅशच्या रीतीनं खेळा: ब्लाइंड कायम, संपले की नवे पंचवीस घ्यायचे, कुणाला किती वेळा दिले ते वहीत लिहायचं. दुसऱ्या संध्याकाळी टूर्नामेंटच्या रीतीनं: भर नाही, दर पंधरा मिनिटांनी ब्लाइंड दुप्पट, पहिल्या तिघांना 50, 30 आणि 20 गुण. कुणी सगळे चिंचोके पुढं सारले की खेळ थांबवा आणि या प्रस्तावनेतला हिशोब कागदावर करून बघा: हरलो तर माझी जागा किती गुणांची, जिंकलो तर किती. तो आकडा न बघता सांगता यायला लागला, की सातव्या प्रकरणाकडे वळा.